छप्पर कोणाचे?

कोकणातील समुद्रकाठच्या गावी आगोट जवळ आली म्हणजे घरोघर शाकारणीची लगबग सुरू होते. कौले उतरावयाची, फुटकी वेगळी काढावयाची, कुजलेल्या रिपा बदलावयाच्या, आढ्यावरील सांधे लिंपावयाचे आणि मृगाच्या आत सारे पुन्हा रचून ठेवावयाचे, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. या कामास सुताराचे कौशल्य लागते, गड्याची मेहनत लागते व घरधन्याचे पैसे लागतात. परंतु त्यात नीतीचा काही प्रश्न गुंतलेला आहे असे कोणी मानीत नाही. आम्हीही मानीत नव्हतो. पंचवीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकविल्यावरही घराचे छप्पर हा त्या शास्त्राचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट आम्हांस दोन उडालेल्या पत्र्यांनी शिकवावी, याची थोडी लाज वाटते. तथापि ती हकीकत सांगितल्यावाचून पुढील विवेचनास आधार राहणार नाही, म्हणून ती आधी सांगतो.

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, आणि ज्या घरांच्या भिंती उभ्या राहिल्या त्यांतील कित्येकांवर आभाळाखेरीज दुसरे आच्छादन उरले नाही. आमचे वडिलोपार्जित घर श्रीवर्धन तालुक्यातील एका खेड्यात आहे. आम्हां भावंडांपैकी तेथे कोणी राहत नाही. पोटापाण्यासाठी मुंबई-पुणे गाठलेल्या हजारो कोकणी कुटुंबांपैकी आमचे एक. घरात राहते ते वाडीची राखण करणारे कुटुंब: नवराबायको, त्यांची दोन मुले व म्हातारी आई. वादळात पडवीचे सारे छप्पर व माजघरावरील अर्धे पाखे गेले. माणसे देवघराच्या कोपऱ्यात बसून वाचली.

मृग नक्षत्र चार-पाच दिवसांवर आले होते. महामारीमुळे येणेजाणे अवघड, कारागीर दुर्मिळ, कौले मिळेनात. आम्ही भावंडांनी दूरध्वनीवरून विचारविनिमय केला व पातळ पत्रे आणून जुन्याच वाशांवर ठोकून घ्यावेत असे ठरविले. घर राखणारा म्हणाला, “दादा, वासे वाळवीने खाल्लेत. खिळा धरत नाही.” आम्ही उत्तर दिले, “यंदाचा पावसाळा निभावून ने, पुढे पाहू.” त्या घाईत दुसरा मार्ग नव्हता, हे आजही आम्ही म्हणू. परंतु पावसाळा सरला, दिवाळी झाली, सुतार मोकळे झाले, कौले मिळू लागली. तरी ‘पुढे पाहू’ यातील ‘पुढे’ काही आले नाही. असले वादळ आपल्या हयातीत पुन्हा येत नाही, अशी समजूत आम्ही करून घेतली. ती समजूत खर्च वाचविणारी होती, हे आम्हांस त्या वेळी जाणवले नाही. किंवा जाणवले असेल, तर आम्ही त्याकडे पाहिले नाही.

एक वर्ष पुरे झाले नाही तोच, १६ मे २०२१ च्या रात्री, ‘तौक्ते’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यास समांतर असे समुद्रातून उत्तरेकडे गेले. ते जमिनीवर चढले दुसऱ्या रात्री, गुजरातेत उन्याजवळ. कोकणास त्याची केवळ कड लागली. तेवढ्यानेही आमच्या पडवीचे दोन पत्रे उखडले, गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात गेले व तेथील बाजेवर पडले. पत्र्याच्या धारेने बाजेची सुंभे तुटली. वैशाखाच्या उकाड्यात शेजाऱ्याची दोन नातवंडे रोज त्याच बाजेवर निजत असत. त्या रात्री वाऱ्याच्या भीतीने त्यांना घरात घेतले होते. कोणास ओरखडाही उठला नाही. देवाची कृपा, असे आम्ही सर्वांनी म्हटले. शेजारी वयाने आमच्याहून वडील आहेत. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “छप्पर तुमचं खरं, पण निजायला आलं ते आमच्या अंगणात.”

या एका वाक्याने आमच्या मनात जो प्रश्न उभा केला, तो असा: छप्पर कोणाचे? ज्याने पैसे दिले त्याचे, जो त्याच्याखाली निजतो त्याचे, की ज्याच्या अंगणात ते उडून पडू शकते त्याचे? आणि ज्या अर्थी कोणास इजा झाली नाही, त्या अर्थी आमच्या हातून काही अपराध घडला की नाही?

दुसऱ्या प्रश्नाचा विचार आधी करू. कारण त्याचे उत्तर इंग्रज गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली, श्रद्धेच्या नीतिमत्तेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात, देऊन ठेविले आहे. एक जहाजमालक आपले जुने, वारंवार डागडुजी केलेले जहाज देशांतरास निघालेल्या कुटुंबांनी भरून समुद्रात धाडणार असतो. जहाज टिकेल की नाही याची शंका त्याच्या मनात डोकावते. पण तपासणीस खर्च येईल म्हणून तो ती शंका दाबून टाकतो, आजवर इतक्या सफरी निभावल्या तशी हीही निभावेल असे म्हणतो, ईश्वरावर हवाला ठेवतो, आणि अखेर त्याचा खरोखरच विश्वास बसतो. जहाज बुडते. तो दोषी आहे, याविषयी दुमत होणार नाही. परंतु क्लिफर्डचा खरा मुद्दा पुढेच आहे. समजा, जहाज बुडाले नाही, सुखरूप पोहोचले. म्हणून मालकाचा दोष उणावतो काय? मुळीच नाही. कृत्य ज्या क्षणी घडले त्याच क्षणी त्याचे बरेवाईटपण ठरले. पुढे फळ काय आले याने त्यात फरक पडत नाही. तो निर्दोष ठरत नाही, त्याचा दोष उघडकीस येत नाही एवढेच.

हा निबंध आम्ही वर्गात किती वेळा समजावून सांगितला असेल, त्याची गणती नाही. जहाजाच्या जागी छप्पर व देशांतरास निघालेल्या कुटुंबांच्या जागी राखणदाराचे कुटुंब ठेवले असता तो निबंध आमच्यावरच लिहिलेला आहे, हे मात्र आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्हांस तर शंका मनात आणण्याचेही कष्ट पडले नव्हते. ती राखणदाराने स्पष्ट शब्दांत आमच्यापुढे मांडली होती. बाज रिकामी होती हे आमचे भाग्य; पण त्या भाग्याचा दाखला देऊन आम्हांस निर्दोष म्हणवून घेता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, वादळ हा दैवी कोप आहे. त्यात माणसाच्या बऱ्यावाईटपणाचा हिशेब कशास मांडावा? हा आक्षेप जुना आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले, तेव्हा व्होल्तेअरने त्यावर काव्य रचून ईश्वरी न्यायाविषयीच्या भाबड्या समाधानावर कोरडे ओढले. रूसोने १७५६ साली त्यास पत्र लिहून उत्तर दिले, त्याचा आशय असा की, सहा-सहा सात-सात मजल्यांची हजारो घरे त्या जागी दाटीने निसर्गाने उभारली नव्हती. भूकंप निसर्गाचा, पण संकटाचा मोठा भाग माणसाच्या बांधणीचा, हा रूसोचा मुद्दा आम्हांस मान्य आहे. मात्र तो अर्धाच मान्य आहे. कारण त्यावरून कोणी असे अनुमान काढील की, धोक्याच्या जागी राहूच नये. कोळ्याने समुद्र सोडून कोठे जावे? पोफळीस जी दमट हवा व जी जमीन मानवते, ती आगराबाहेर कोठून आणावी? किनारा हा तेथील माणसांचा शौक नसून त्यांचे पोट आहे. म्हणून ‘राहावे की न राहावे’ हा प्रश्न त्यांच्यापुढे बहुधा नसतोच. ‘कसे राहावे’ एवढाच असतो.

आणि ‘कसे’ याचे उत्तर पुष्कळसे ठाऊक आहे. वारा छप्पर वरून दाबून मोडीत नाही. तो ते वर उचलतो. पाख्यावरून वेगाने जाताना तो छपराच्या पाठीवर ओढ निर्माण करतो, आणि वाऱ्याच्या अंगचे एखादे दार वा खिडकी उघडली की आत शिरलेला वारा खालून रेटा देतो. ही ओढ वळचणीस, आढ्यास व कोपऱ्यांस सर्वांत अधिक असते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे ७० किलो वजनाइतका भरतो. आता तेवढ्याच जागेवरील पातळ पत्र्याचे वजन पाहिले तर ते ५ किलोच्या आसपास, व मंगळुरी कौलांचे सुमारे ४० किलो. म्हणजे दोहोंपैकी कोणीही केवळ आपल्या वजनावर अशा वाऱ्यापुढे निर्धास्त बसू शकत नाही. आणि पत्र्याचे तर सारे जीवित त्याच्या खिळ्यावर. कौलांच्या फटींतून थोडा वारा निसटतो, व ती उडाली तरी एकेक करून बहुधा जवळपासच पडतात. पत्रा मात्र उडाला की अख्खा उडतो, आणि त्याची धार दूरवर जाते.

हल्ली पुष्कळजण यावर उपाय म्हणून सिमेंटचा स्लॅब घालतात. स्लॅब वाऱ्यास दाद देत नाही, हे खरे. परंतु कोकणच्या पावसात तो गळू लागतो, उन्हाळ्यात तापतो, म्हणून त्याच्यावर लोखंडी खांबांची व पत्र्यांची मांडणी उभी राहते. आणि वादळात सर्वांच्या आधी तीच जाते. खालचा धनी सुरक्षित, व त्याचे पत्रे गावभर! यावरून दिसून येईल की, अमुक वस्तू शहाणी व तमुक वेडी असे काही नाही. कौल, पत्रा, स्लॅब यांपैकी कशातही पुण्य नाही. ते असलेच तर सांध्यात आहे. पत्रा रिपेशी, रीप वाशाशी, वासा तुळईशी, तुळई भिंतीशी व भिंत पायाशी बांधलेली असली, म्हणजे वाऱ्यास सारे घर उचलावे लागते; त्यांतील एक सांधा सैल असला, म्हणजे तेवढाच पुरतो. आणि हे सांधे छपराच्या पोटात दडलेले असतात. रस्त्यावरून जाणाऱ्यास नवा लाल वा निळा पत्रा दिसतो. वाळवीने खाल्लेला वासा दिसत नाही.

येथे आम्हांस गीतेच्या अठराव्या अध्यायातील एका विचाराचे स्मरण होते. कोणतेही कर्म सिद्धीस जाण्यास पाच कारणे लागतात असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारचे व्यापार, आणि पाचवे दैव. दैवास गीतेने नाकारलेले नाही. पण त्याचा क्रमांक पाचवा आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. जागा पारखली, करणारा दक्ष राहिला, साधने नीट निवडली, काम जसे व्हावे तसे केले, आणि तरीही जे घडले त्यास दैव म्हणावे. आपण व्यवहारात याच्या उलट करतो. पहिली चार स्थाने मोकळी ठेवतो व त्या सर्वांवर दैवास बसवितो. मग दैवाच्या पदरी आपल्या आळसाचे, आपल्या कंजुषीचे व आपल्या गैरहजेरीचे ओझे जाऊन पडते. ओडिशाच्या किनाऱ्यावर १९९९ सालच्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसे दगावली. त्याच किनाऱ्यावर २०१३ साली ‘फायलिन’ हे अति तीव्र वादळ आले, तेव्हा लाखो लोकांस आधीच सुरक्षित जागी हलविले होते, आणि मृतांची संख्या पन्नासाच्या आसपास राहिली. समुद्र तोच होता व वाराही सौम्य नव्हता. मधल्या चौदा वर्षांत ज्या गोष्टीची व्याप्ती कमी झाली, तिलाच पूर्वी लोक दैव म्हणत असत. मात्र त्याच वादळात लाखो घरांची मोडतोड झाली, हेही विसरू नये. माणसास धोक्यातून हलविता येते. घर जागीच राहते. म्हणून त्याची तरतूद वादळाची बातमी येण्यापूर्वीच झाली पाहिजे.

परंतु पुरुषार्थाचा हा उपदेश करताना एका गोष्टीची खबरदारी घेतली नाही, तर तो उपदेश क्रूर होईल. लोखंडी पट्ट्या, जाड पत्रे, नवे लाकूड, कसबी सुतार, या सर्वांस पैसा लागतो. ज्याचे हातावर पोट आहे त्याने झावळ्या टाकून व दगड ठेवून छप्पर धरले, आणि ते उडाले, तर त्यास ‘सांधे का बांधले नाहीस’ असे विचारणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. कर्तव्य हे शक्तीच्या मर्यादेबाहेर जात नाही, हे नीतीचे पहिले सूत्र आहे. पण म्हणूनच त्याच्या असमर्थतेचे ओझे नाहीसे होत नाही. ते ज्याची शक्ती आहे त्याच्याकडे, म्हणजे समाजाकडे व सरकारकडे जाते. वादळानंतर जी मदत दिली जाते ती जर गेलेले छप्पर जसेच्या तसे परत उभे करण्यापुरतीच असेल, तर तिने दुःख निवारले असे न म्हणता ते पुढील वादळापर्यंत तहकूब केले असे म्हणावे लागेल. रुपयांबरोबर एखादा जाणता सुतार, थोड्या पट्ट्या आणि बांधणीची चार नेमकी वाक्ये पोहोचली, तर त्याच रुपयांचे मोल वाढेल.

आमच्यासारख्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. आम्ही असमर्थ नव्हतो. आम्ही गैरहजर होतो. कोकणातील किती घरांचे धनी आज असे गैरहजर आहेत! त्यांचे हिस्से सात-बारावर आहेत, त्यांची भांडणे कोर्टात आहेत, आणि त्यांचे छप्पर दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर आहे. गणपतीला चार दिवस जावे, कौलांकडे पाहून बालपणाच्या आठवणी काढाव्या, व खर्चाचा विषय निघताच ‘आपल्यापैकी तेथे राहतो कोण?’ असे म्हणावे. हे वाक्य आमच्याही बैठकीत उच्चारले गेले, आणि त्या वेळी ते बिनतोड वाटले. वस्तुतः त्यातच आमचा न्याय झाला होता. आपण तेथे राहत नाही, म्हणूनच निर्णय घेण्याचा आपला अधिकार कमी व जबाबदारी अधिक. जो जोखीम स्वतःच्या शिरावर घेतो, त्यास थोडे धाडस शोभून दिसते. दुसऱ्याच्या शिरावर जोखीम ठेवून काटकसर करणे यास धाडस म्हणत नाहीत. छप्पर कोणाचे, या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे: कागदावर ते ज्याचे असेल त्याचे असो, वादळाच्या रात्री ते त्याच्याखाली असणाऱ्यांचे व त्याच्या शेजारी असणाऱ्यांचे आहे. धनी हा त्यांचा विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताने हिशेब देताना ‘नुकसान झाले नाही’ एवढे सांगून भागत नाही.

२०२२ च्या आगोटीपूर्वी आम्ही ते छप्पर पुरे उतरविले. या वेळी ठरविण्यापूर्वी राखणदारास व शेजाऱ्यांस ओटीवर बोलावून विचारले. दोघांनी मिळून जे सांगितले त्यातील बहुतेक गोष्टी अभियंत्यांच्या पुस्तकांत लिहिलेल्याच निघाल्या. दुपाखी छप्पर काढून चौपाखी केले, म्हणजे वाऱ्यास उभा त्रिकोण सापडू नये. वाळवीचे वासे सारे बदलले. वासे, तुळया व भिंती लोखंडी पट्ट्यांनी व बोल्टांनी एकमेकांस जखडल्या. वर पुन्हा मंगळुरी कौलेच घातली, पण वळचणीच्या व आढ्याच्या ओळी तारेने बांधल्या. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून तोडून वेगळे केले. ते गेलेच तर एकटे जावे, घरास सोबत ओढून नेऊ नये, ही त्यातील योजना. खर्च आमच्या पहिल्या अंदाजाच्या तिपटीवर गेला. धाकट्या बंधूंनी आपला हिस्सा दिला, पण तो नाराजीने दिला, आणि त्यांच्या नाराजीस कारण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्या रकमेत त्यांच्या मुलीच्या शिक्षणाचे एक वर्ष भागले असते. एका कुटुंबाची सुरक्षितता दुसऱ्या कुटुंबाच्या सोयीतूनच बहुधा विकत घ्यावी लागते. नीतीचे प्रश्न पुस्तकात सुटतात तितक्या सहज घरात सुटत नाहीत, ते यामुळेच.

हे नवे छप्पर ‘निसर्ग’सारख्या वादळाच्या कसोटीस अद्याप उतरलेले नाही, आणि ती वेळ कधी येऊ नये असेच कोणीही इच्छील. ते टिकेलच, अशी प्रौढी आम्ही मिरवीत नाही. अरबी समुद्रात अलीकडे प्रबळ वादळे पूर्वीहून अधिक उठू लागली आहेत, असे हवामानाचे अभ्यासक सांगतात. उद्याचा वारा आमच्या पट्ट्यांहून बलवत्तर निघणे अशक्य नाही. तसे झाले तर त्यास आम्ही दैव म्हणू, आणि तो शब्द उच्चारण्याचा अधिकार आम्हांस प्रथमच प्राप्त झालेला असेल. आधीच्या छपराविषयी तो शब्द आम्हांस वापरता येत नाही. ती बाज शेजाऱ्यांनी नव्या सुंभाने विणून घेतली. तिचे पैसे देऊ केले असता त्यांनी घेतले नाहीत. वैशाखात नातवंडे पुन्हा तिच्यावर अंगणात निजतात. आम्ही गावी गेलो म्हणजे आमच्या पडवीतून ती बाज दिसते, आणि आमची नजर आधी वळचणीकडे जाते.